'मॅरीड'नंतर 'विथ' का येत नाही? इंग्रजी भूतकाळी क्रियापद, नाम आणि प्रिपोझिशन

शिकवणीताई, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात मी त्यांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी इंग्रजीत दहा-बारा वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. विषय मुद्दाम निवडला होता. कोटणीस १९१० साली आपल्याच गावात जन्मले, १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, तिथे त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघे ३२ वर्षांचे असताना, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. ही हकीकत इथल्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते आणि ती सांगायला घेतली की जवळजवळ प्रत्येक क्रियापद भूतकाळात घालावे लागते.

क्रियापदांची रूपे मुलांनी बरीच बरोबर लिहिली. 'वेन्ट', 'लेफ्ट', 'बिकेम' यांत फारसे कोणी चुकले नाही. चुका झाल्या त्या क्रियापदाच्या पुढच्या पावलावर. 'ही रीच्ड टू चायना', 'ही लेफ्ट टू चायना', 'ही मॅरीड विथ अ चायनीज नर्स', 'ही डाइड बाय एपिलेप्सी', आणि ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले त्याविषयी 'द हॉस्पिटल वॉज नेम्ड ऑन नॉर्मन बेथून'. एकाच प्रकारच्या चुका निरनिराळ्या वह्यांत आढळल्यामुळे हा एखाद्या मुलाचा निष्काळजीपणा आहे असे मला म्हणता येत नाही.

यांतल्या एका मुलीने 'बाय हिम मेनी सोल्जर्स ट्रीटेड' असे लिहिले होते. मी खूण केल्यावर तिने विचारले, "बाई, मराठीत भूतकाळ आला की 'तो'चा 'त्याने' होतो. 'तो उपचार करतो', पण 'त्याने उपचार केले'. मग इंग्रजीत भूतकाळ आल्यावर 'ही'ला काहीच कसे लागत नाही?" मी "इंग्रजीत तसे नसते" एवढेच उत्तर दिले. ते उत्तर तिला पुरले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरले नाही.

भूतकाळी क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन यावे, किंवा ते यावे की नाही, हे नेमके कशावर ठरते? क्रियापदावर, पुढच्या नामावर, की काळावर? मुले ज्याला 'व्ही थ्री' म्हणतात त्या तिसऱ्या रूपाबरोबर हे नियम बदलतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. इंग्रजी वाक्ये मी देवनागरीतच लिहिली आहेत, म्हणजे ती मुलांना मराठी वाक्यांच्या ओघातच वाचून दाखवता येतील.

जुने मास्तर

ताई, त्या मुलीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी त्याचेच उत्तर लिहितो. तिने जे हेरले ते मराठीचे अगदी खरे लक्षण आहे आणि तिला तसे आवर्जून सांगा.

मराठीत भूतकाळ केवळ क्रियापदात राहत नाही, तो नामांपर्यंत पोहोचतो. 'विणकर चादर विणतो' या वाक्याचा भूतकाळ 'विणकराने चादर विणली' असा होतो; म्हणजे क्रियापद सकर्मक असेल तर कर्त्याला तृतीयेचा 'ने' लागतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. टॉवेल असेल तर 'विणला', चादर असेल तर 'विणली', पडदे असतील तर 'विणले'. कर्मालाही 'ला' लागला, म्हणजे 'डॉक्टरांनी रुग्णाला तपासले' असे झाले, की क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही, तरीही 'मी चादर विणली' म्हणताना क्रियापद चादरीचेच लिंग घेते. अकर्मक क्रियापदांत आणि बोलणे, शिकणे, विसरणे अशा काही थोड्या क्रियापदांत मात्र कर्ता मोकळा राहतो: 'ते चीनला गेले', 'ते चिनी भाषा शिकले'. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांचे हे सगळे आपण शाळेत शिकण्याच्या कितीतरी आधी बोलण्यात वापरत असतो. त्यामुळे भूतकाळ आला की नामांना काहीतरी लावायचे, ही सवय मराठी मुलाच्या मनात घट्ट बसलेली असते. त्या मुलीचे 'बाय हिम' तिथून आलेले आहे.

इंग्रजीत भूतकाळ क्रियापदाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. 'ही ट्रीट्स सोल्जर्स' याचे 'ही ट्रीटेड सोल्जर्स' झाले, यात कर्ता होता तसाच राहिला, कर्मही तसेच राहिले. उलट वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनासाठी जो 'स' लागत होता तोही भूतकाळात गळून पडतो. आय, शी, दे, सर्वांना एकच 'ट्रीटेड' चालते आणि 'वॉज' व 'वेअर' हा एवढाच भेद उरतो. उपचार कोणी केले आणि कोणावर केले हे इंग्रजी शब्दांच्या जागेवरून ओळखते: क्रियापदाच्या आधीचा कर्ता, लगेच नंतरचे कर्म. प्राचीन इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ते बहुतेक झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दक्रमाने व प्रिपोझिशनांनी वाटून घेतले. म्हणून आपल्याकडे जे काम 'ने, ला, शी, त, वर' करतात, त्यातले काही इंग्रजीत नुसती जागा करते आणि काही प्रिपोझिशन करते. सगळी गल्लत या वाटणीत होते.

आता आपला मुख्य प्रश्न. साध्या भूतकाळामुळे क्रियापदाचे प्रिपोझिशन बदलत नाही. 'रीच चायना', 'विल रीच चायना' आणि 'रीच्ड चायना' या तिन्हींत 'टू' नाही. मुलांनी निबंध भूतकाळात लिहिला म्हणून चुका भूतकाळाच्या वाटतात. तोच निबंध वर्तमानकाळात लिहून घेतलात तर त्याच चुका त्याच जागी सापडतील. या चुका मराठी विभक्तीच्या आहेत. 'चीनला पोहोचले' यातल्या 'ला'चे 'टू' झाले, 'तिच्याशी लग्न केले' यातल्या 'शी'चे 'विथ' झाले, 'आजाराने वारले' यातल्या 'ने'चे 'बाय' झाले आणि 'बेथून यांच्या नावावरून' यातल्या 'वरून'चे 'ऑन' झाले. मुलांनी मनातल्या मराठी वाक्याशी प्रामाणिक राहून भाषांतर केले आहे. इंग्रजीत अनुक्रमे 'रीच्ड चायना', 'मॅरीड अ चायनीज नर्स', 'डाइड ऑफ एपिलेप्सी' आणि 'नेम्ड आफ्टर नॉर्मन बेथून' असे हवे.

यात एक गोष्ट मला वर्गात फार उशिरा उमगली आणि उमगल्यावर शिकवणे पुष्कळ सोपे झाले. मराठीत अनेक क्रिया एक नाम आणि 'करणे' किंवा 'देणे' यांच्या जोडीने होतात: लग्न करणे, चर्चा करणे, हल्ला करणे, विनंती करणे, भेट देणे. या जोडीत अर्थ नामात असतो आणि विभक्ती किंवा शब्दयोगी अव्ययही ते नामच मागते: तिच्याशी लग्न, योजनेवर चर्चा, शत्रूवर हल्ला, किल्ल्याला भेट. इंग्रजीत त्याच क्रियांसाठी एकेक सुटे क्रियापद आहे आणि ते कर्माला थेट हात घालते: 'मॅरीड हर', 'डिस्कस्ड द प्लॅन', 'अटॅक्ड द एनिमी', 'व्हिजिटेड द फोर्ट'. परंतु इंग्रजीने त्याच क्रियापदाचे नाम केले, की आपल्यासारखेच त्यालाही मध्यस्थ लागतो: 'हिज मॅरेज टू हर', 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन', 'ॲन अटॅक ऑन द एनिमी', 'अ व्हिजिट टू द फोर्ट'. इंग्रजी नामाला कर्म घेता येत नाही, क्रियापदाला घेता येते. मुले 'डिस्कस्ड अबाउट' लिहितात तेव्हा क्रियापद इंग्रजी असते, पण त्याच्या मागे मराठीतले 'चर्चा' हे नाम उभे असते. 'रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' आणि 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' ही जोडीही तशीच आहे. पहिल्यातला 'फॉर' काढायचा, दुसऱ्यातला ठेवायचा. क्रियापद आणि नाम शेजारी शेजारी मांडून अशा पंधरा-वीस जोड्या फळ्यावर लिहून घ्या. पाठांतराचे ओझे निम्म्याने उतरते असा माझा अनुभव आहे.

उलट दिशेच्या चुकाही येतील. आपण 'गाणे ऐकले' म्हणतो, म्हणून मुले 'लिसन्ड अ साँग' लिहितात. तिथे 'टू' लागतो. 'वेटेड'ला 'फॉर' लागतो, 'लुक्ड'ला 'ॲट' लागतो. यांना वरची युक्ती लागू पडत नाही. ती क्रियापदे आपल्या सोबत्यासहच पाठ करावी लागतात.

पूर्वभागकर

सरांचे विवेचन वाचून माझ्या घरातले एक निरीक्षण लिहावेसे वाटते. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांचे आणि तेलुगू बोलणारे. माझे शिक्षण मराठीत झाले, माझ्या दोन्ही मुलांचेही मराठीतच चालू आहे.

तेलुगूत भूतकाळ आला तरी कर्त्याला 'ने'सारखे काही लागत नाही आणि क्रियापद कर्त्याशीच जुळते. आमच्या मुलांकडून 'बाय हिम ट्रीटेड' अशी चूक मी कधी ऐकली नाही, त्याचे कारण आज कळले. लग्नाच्या बाबतीतही तेच आहे. तेलुगूत 'आमेनु पेळ्ळि चेसुकुन्नाडु' असे म्हणतात, म्हणजे ती स्त्री सरळ कर्माच्या विभक्तीत येते, 'शी' किंवा 'बरोबर' असा अर्थ त्यात नसतो. माझ्या शेजारच्या कन्नड घरातही लग्नाचे वाक्य कर्माच्या विभक्तीनेच करतात. असे असूनही माझा मुलगा 'मॅरीड विथ' लिहितो! तो घरी तेलुगू बोलत असला तरी शाळेत मराठीतून विचार करतो, असाच याचा अर्थ मी घेतो. 'चायनाला पोहोचणे' मात्र तेलुगूतही 'चैनाकु' असे, 'ला'च्याच अर्थाच्या प्रत्ययाने होते. त्यामुळे 'रीच्ड टू' ही चूक आमच्याकडे दोन्ही बाजूंनी येते.

ताईंच्या वर्गात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले असणारच. प्रत्येकाला आपल्या घरच्या भाषेत ते वाक्य आधी म्हणायला लावले आणि कोणत्या शब्दाला काय लागले ते विचारले, तर चूक कुठून येते हे मुलांना स्वतःच दिसेल असे मला वाटते.

आणखी एक अडचण ऐकण्याची आहे. 'वॉक्ड'च्या शेवटी प्रत्यक्षात 'ट' उच्चारला जातो. त्यापुढे 'टू' आला की दोन 'ट' मिसळून एकच ऐकू येतो आणि शुद्धलेखनात मुले 'वॉक टू' लिहितात. भूतकाळाचा प्रत्यय प्रिपोझिशनात बुडून जातो. 'मूव्ह्ड', 'कॉल्ड' यांच्या शेवटी 'ड' येतो आणि 'वॉन्टेड', 'नीडेड' यांच्या शेवटी 'इड' येतो. त्यातले 'इड' तेवढे कानाला स्पष्ट कळते. श्रुतलेखन घेताना हे ध्यानात ठेवले तर मुलाला काळ येत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघणार नाही.

टेरीटॉवेल

मी शिक्षक नाही. टॉवेल आणि चादरी बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका लहान कचेरीत पत्रव्यवहार पाहतो. तिसऱ्या रूपाचा प्रश्न अजून कोणी घेतलेला नाही आणि आमचे सगळे काम त्याच रूपावर चालते, म्हणून लिहितो.

साधा भूतकाळ आणि तिसरे रूप पुष्कळ क्रियापदांत सारखेच दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा असतो. 'द वीव्हर वोव्ह द टॉवेल' हा साधा भूतकाळ, 'अ टॉवेल वोव्हन इन सोलापूर' हे तिसरे रूप. आपल्याकडे 'विणला' आणि 'विणलेला' असा फरक कानाला लगेच कळतो, इंग्रजीत तो 'वोव्ह-वोव्हन' अशा अनियमित क्रियापदांतच कळतो. 'मेड', 'सेन्ट', 'पॅक्ड' यांत कळत नाही. 'द टॉवेल्स सेन्ट टू मुंबई रीच्ड द शॉप लेट' या वाक्यात नवखा वाचक 'सेन्ट'लाच मुख्य क्रियापद समजतो आणि पुढे 'रीच्ड' आल्यावर अडखळतो. मराठीत 'मुंबईला पाठवलेले टॉवेल' असे विशेषण नामाच्या आधी येते. इंग्रजीत प्रिपोझिशनसह आलेले असे तिसरे रूप नामाच्या नंतर येते. पत्र वाचताना मी पहिल्यांदा 'पाठवलेले' असा अर्थ लावून पाहतो, तो जुळला तर ते तिसरे रूप.

या तिसऱ्या रूपाबरोबर प्रिपोझिशनांची निवड खरोखरच महत्त्वाची ठरते. मराठीत 'कामगाराने कात्रीने कापड कापले' असे दोन्हीकडे 'ने' चालते. इंग्रजीत करणारा 'बाय'ने सांगतात आणि हत्यार 'विथ'ने: 'कट बाय द वर्कर विथ सिझर्स'. माग मात्र 'ऑन' घेतो, 'वोव्हन ऑन अ पॉवरलूम', आणि तिथे आपले 'यंत्रमागावर' अगदी बरोबर जुळते. 'मेड'च्या पुढे 'इन' आला तर ठिकाण कळते आणि 'ऑफ' आला तर माल कळतो: 'मेड ऑफ कॉटन'. ज्या मालाचे मूळ रूप बदलून जाते तिथे 'फ्रॉम' वापरतात. कागद लाकडापासून होतो, तो 'मेड फ्रॉम वूड'.

ताईंच्या यादीतला 'डाइड' हा शब्द पाहून मला आमच्या रंगशाळेतल्या शब्दाची आठवण झाली. मरण पावला आणि रंगवला, या दोन्हींचा इंग्रजी भूतकाळ कानाला तंतोतंत सारखा, 'डाइड', स्पेलिंग तेवढे निराळे. फरक कळतो तो भोवतालच्या नाम-प्रिपोझिशनांवरून. 'ऑफ' आणि पुढे आजाराचे नाव आले तर मृत्यू. 'विथ' किंवा 'इन' आणि पुढे रंगाचे नाव आले, मागे सूत असले, तर रंगकाम. भूतकाळी क्रियापदाला त्याच्या शेजाऱ्यांशिवाय पुरता अर्थ नसतो, हे मी या एका शब्दावरून शिकलो.

अजून एक जोडणी आमच्या पत्रांत रोज येते. नाम आणि तिसरे रूप एकत्र जोडले की मधले प्रिपोझिशन गळून पडते. 'वोव्हन बाय हॅन्ड' याचे 'हॅन्ड-वोव्हन' होते, आधी सूत रंगवून मग विणलेल्या मालाला 'यार्न-डाइड' म्हणतात. शाळेत तत्पुरुष समास शिकलो तेव्हा 'हस्तलिखित' म्हणजे हाताने लिहिलेले, असा विग्रह करून 'तृतीयेचा लोप झाला' असे लिहीत होतो. इथे तोच लोप आहे, आणि 'लिखित' हेसुद्धा भूतकाळवाचक धातुसाधितच आहे. मुलांना 'हस्तलिखित' येत असेल तर 'हॅन्ड-रिटन' वेगळे शिकवायला नको.

शिकवणीताई, सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे क्रियापद आणि नाम यांच्या जोड्या फळ्यावर लिहून घेतल्या आणि आधी घरच्या भाषेत वाक्य म्हणायचा प्रयोगही केला. वर्गातल्या एका कन्नड बोलणाऱ्या मुलाला 'मॅरीड हर' आपल्या घरच्या वाक्यासारखेच आहे हे पाहून जो आनंद झाला तो मला फार दिवस आठवेल. 'बाय हिम' लिहिणाऱ्या मुलीने 'ही ट्रीटेड मेनी सोल्जर्स' असे स्वतः दुरुस्त केले आणि त्याखाली 'इथे भूतकाळ फक्त क्रियापदात आहे' अशी मराठीत ओळ लिहिली.

परंतु एक नवी अडचण उभी राहिली आहे. क्रियापद कर्माला थेट घेते हे मुलांना इतके पटले की आता त्यांनी सरसकट सगळी प्रिपोझिशने गाळायला सुरुवात केली. 'ही ऑपरेटेड मेनी सोल्जर्स' असे चार वह्यांत आले. मी 'ऑपरेटेड ऑन' अशी दुरुस्ती केली. त्यावर त्याच मुलीने हे वाक्य कर्मणी प्रयोगात करून विचारले, 'मेनी सोल्जर्स वेअर ऑपरेटेड ऑन' असे म्हटले तर 'ऑन' शेवटी एकटा पडतो, त्याचे नाम कुठे गेले? 'लुक्ड आफ्टर'बद्दलही तिचा हाच प्रश्न आहे. शिवाय निबंधात 'सिन्स १९३९ ही वर्क्ड विथ द एट्थ रूट आर्मी' असे एक वाक्य आहे. प्रिपोझिशन आणि काळ यांचा संबंध नाही असे मी सांगून बसले आहे आणि हे वाक्य मला बरोबर वाटत नाही.

जुने मास्तर

'ऑपरेटेड'ची चूक होणार हे मी आधीच सांगायला हवे होते. तिथे मराठी मदतीला आहे: आपण 'रुग्णावर शस्त्रक्रिया केली' म्हणतो, तो 'वर' आणि इंग्रजी 'ऑन' एकच काम करतात. 'ऑन' गाळला तर यंत्र चालवल्याचा अर्थ होतो. माग 'ऑपरेट' करतात, माणसावर 'ऑपरेट ऑन' करतात. हा फरक सोलापूरच्या मुलांना लगेच कळेल.

शेवटी एकटा राहिलेला 'ऑन' आपल्याला खटकतो, कारण मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून लिहितात आणि त्याच्यासाठी नाम आपले रूपही बदलते. 'सोलापूर'चे 'सोलापुरात' होते, 'घोडा'चे 'घोड्यावर' होते. नामाचे सामान्यरूप झाले, की अव्यय त्याला सोडून दुसरीकडे जाऊच शकत नाही. इंग्रजीत 'सोलापूर'चे रूप 'इन'साठी बदलत नाही, सर्वनामे तेवढी 'हिम', 'देम' अशी बदलतात. त्यामुळे तिथले प्रिपोझिशन नामापासून सुटू शकते आणि क्रियापदाशी त्याची जोडी इतकी पक्की होऊ शकते की नाम वाक्याच्या सुरुवातीला गेले तरी ते क्रियापदापाशीच राहते. 'द सोल्जर्स वेअर लुक्ड आफ्टर', 'अ डॉक्टर वॉज सेन्ट फॉर', 'द सोल्जर्स ही ऑपरेटेड ऑन' या सगळ्या निर्दोष रचना आहेत. त्या मुलीला सांगा, की नाम हरवलेले नाही, ते पुढे जाऊन बसले आहे, 'कोणावर?' असे विचारले की 'सोल्जर्स' हेच उत्तर येते.

'गेव्ह अप', 'पुट ऑफ' अशा जोड्या वरकरणी अशाच दिसतात, पण त्यांत नाम मध्येही येऊ शकते, 'गेव्ह द जॉब अप', आणि सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते, 'गेव्ह इट अप'. भूतकाळाचा प्रत्यय नेहमी पहिल्या शब्दाला, हे मात्र सर्वत्र सारखे.

'सिन्स'च्या बाबतीत आपली शंका रास्त आहे आणि माझे आधीचे विधान मला मर्यादित केले पाहिजे. क्रियापदाने मागितलेले प्रिपोझिशन काळाने बदलत नाही, हे खरे. परंतु वेळ सांगणारी प्रिपोझिशने क्रियापदाने मागितलेली नसतात; ती वाक्याला बाहेरून जोडलेली असतात आणि त्यांचा काळाशी संबंध असतो. 'इन १९३८', 'ऑन ९ डिसेंबर' ही साध्या भूतकाळाबरोबर सहज बसतात, कारण ती संपलेला क्षण किंवा वर्ष दाखवतात. 'सिन्स' हा एखाद्या बिंदूपासून पुढे चालत राहिलेला काळ दाखवतो, म्हणून त्याला साधा भूतकाळ सहसा पुरत नाही, 'हॅज' किंवा 'हॅड' लागते. 'बाय १९४२ ही हॅड वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' असे म्हणता येईल, किंवा सरळ 'ही जॉइन्ड द एट्थ रूट आर्मी इन १९३९' असे लिहावे. नववीच्या मुलासाठी मी दुसरेच सुचवेन. त्यातही पाहा, 'सैन्यात सामील झाले' यातल्या 'त'मुळे मुले 'जॉइन्ड इन' लिहितील.

टेरीटॉवेल

ताईंच्या पहिल्या यादीतले 'लेफ्ट टू चायना' राहून गेले, म्हणून तेवढेच लिहितो. आमच्या कामात हा शब्द रोज येतो. 'लेफ्ट'च्या लगेच पुढे नाम आले तर ते सोडलेले ठिकाण असते, 'फॉर'च्या पुढे आले तर जायचे ठिकाण असते. 'द ट्रक लेफ्ट सोलापूर' म्हणजे गाडीने सोलापूर सोडले, 'द ट्रक लेफ्ट फॉर सोलापूर' म्हणजे गाडी सोलापूरला निघाली. एका 'फॉर'ने माल उलट दिशेला जातो. मराठीत या दोन अर्थांना 'सोडणे' आणि 'निघणे' अशी दोन क्रियापदे आहेत, इंग्रजीत क्रियापद एकच आहे आणि भेद प्रिपोझिशन करते. दोन्ही एकत्रही येतात, आणि मुलांच्या निबंधाला तेच वाक्य लागेल: 'ही लेफ्ट इंडिया फॉर चायना इन १९३८.'

शिकवणीताई, सोलापूर

हे वाक्य आज निबंधाच्या सुरुवातीला घातले. मुलांनी त्याखाली 'सोडले' आणि 'निघाले' अशी दोन मराठी क्रियापदे लिहून 'इंडिया' आणि 'फॉर चायना' यांच्याकडे बाण काढले आहेत. उद्या 'दे नेम्ड देअर सन यिनहुआ' हे वाक्य घेणार आहे. त्यात क्रियापदापुढे दोन नामे लागोपाठ येतात आणि मध्ये काहीच लागत नाही. आपण 'मुलाचे नाव यिनहुआ ठेवले' म्हणताना 'चे' लावतो, तेव्हा कोणीतरी 'ऑफ' घालणारच, हे आता मला आधीच कळते आहे. अडले तर पुन्हा इथेच विचारीन.